स्पीडोमीटरचा काटा नाचतोय, केबल नवीन आहे, आता काय?

चोकओढा | शनिवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी,

गाडी 1967 सालची. कुठली ते मुद्दाम सांगत नाही. नाव काढलं की पुढचे वीस प्रतिसाद "आमच्या काकांकडे होती" याच्यावर जातात आणि मूळ दुखणं राहतं बाजूला. एवढंच सांगतो की इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि मीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघून बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून डॅशबोर्डात येते. मीटरला वायर एकच, तीही आतल्या दिव्याची.

तक्रार अशी. 30 ते 50 च्या दरम्यान काटा नाचतो. थरथरत नाही, चक्क झोके घेतो. गाडी एका लयीत 40 ने चाललेली असते, हा 25 ला उतरतो, क्षणभर विचार करतो आणि टुणकन 60 ला जातो. त्याच तालावर डॅशबोर्डामागून टक... टक. 70 च्या पुढे गेलं की बराच शहाण्यासारखा वागतो. किलोमीटरचे आकडे मात्र नीट पडतात.

तीन आठवड्यांपूर्वी केबल नवीन घातली. कोरडी नको म्हणून ग्रीसही सढळ हाताने लावलं. पहिले दोन दिवस झकास, मग पुन्हा तेच. म्हणजे आता मीटरच गेला असं धरून चालू का? उघडावा की दुसरा शोधावा?

---

मागचीसीट | शनिवार, रात्री 9:20

काट्याचं सोडा हो. 25 आणि 60 ची सरासरी काढा, झालं. 42.5.

---

डिजिटल_दादा | शनिवार, रात्री 9:31

फोन डॅशबोर्डवर लावा, जीपीएसवर वेग बघा, मीटर शोभेला ठेवा. 2 मिनिटांत प्रश्न मिटतो.

---

निळा_धूर | शनिवार, रात्री 9:40

@डिजिटल_दादा, शोभेचाच प्रश्न असता तर त्यांनी 1967 ची गाडी कशाला ठेवली असती? असे प्रतिसाद प्रत्येक धाग्यावर पहिल्या पाचात येतात. हलके घ्या.

---

खडूस_मिस्त्री | शनिवार, रात्री 10:05

मीटर उघडू नका. निदान अजून तरी नको.

तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात शेवटी टाकलंय, "आकडे मात्र नीट पडतात". काटा आणि आकडे एकाच दांड्यावर चालतात. केबलची आतली तार मीटरमागच्या चौकोनी भोकात बसते आणि आतला दांडा फिरवते. त्या दांड्यावर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, कोरलेला असतो, तो आकड्यांचे ड्रम फिरवतो. त्याच दांड्याच्या डोक्यावर लोहचुंबक असतं, ते काट्याचं काम बघतं. म्हणून मी आधी दोघांपैकी कोण आजारी आहे ते विचारतो.

दोघंही मेले असतील तर तार तुटली, टोक निसटलं किंवा गिअरबॉक्सकडचं पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) गेलं. मीटरकडे बघायचंही नाही. आकडे पळतात आणि काटा ढिम्म, तर मीटरच्या आत बघा. काटा ठीक आणि आकडे बंद, तरीही आतच, पण आकड्यांच्या गिअरांकडे.

तुमचं चौथं. आकडे पडतात आणि काटा झोके घेतो. हे दहापैकी आठ वेळा केबलचं असतं. तार कुठेतरी नळीत घासते, अडते, तिच्यात पीळ साठतो आणि अति झालं की ती एकदम सुटते. अडली की काटा 25, सुटली की 60. तुमचा टक आवाज तोच. एकूण फेऱ्या तेवढ्याच होतात, म्हणून आकड्यांना या भानगडीचा पत्ताच लागत नाही. वेग वाढला की तारेला स्वतःचा जोर येतो आणि अडणं बुजून जातं.

नवीन केबल असली तरी हेच म्हणेन. नवीन केबल आणि चांगली केबल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

---

चोकओढा | शनिवार, रात्री 10:18

दंडवत. पण नवीन तार अडेल कशाला? ग्रीस तर पुरेपूर आहे.

---

खडूस_मिस्त्री | शनिवार, रात्री 10:24

"पुरेपूर" म्हणजे वरच्या टोकापर्यंत?

---

चोकओढा | शनिवार, रात्री 10:26

अर्थात. अर्धवट कशाला सोडायचं?

---

खडूस_मिस्त्री | शनिवार, रात्री 10:27

अरेरे.

---

शंकासूर | रविवार, सकाळी 8:02

मला कायम पडलेला प्रश्न. चुंबक फिरतं, पण काटा ज्यावर बसवलेला असतो ती वाटी अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, दोघांचा स्पर्शही होत नाही. मग वाटी ओढली कशी जाते?

---

घड्याळवाली | रविवार, सकाळी 8:50

@शंकासूर, चिकटत नाही म्हणूनच तर हे जमतं. चिकटलं असतं तर वाटी चुंबकाबरोबर गरागरा फिरली असती.

फिरतं चुंबक वाटीच्या धातूत भोवरे प्रवाह तयार करतं. या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि त्यामुळे चुंबक फिरतं त्या दिशेने वाटीला ओढ बसते. वेग दुप्पट तर ओढ दुप्पट. ती ओढ अडवायला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, घड्याळाच्या बॅलन्सला असते तशीच. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीला येतात तिथे काटा थांबतो. ओढ वेगाच्या प्रमाणात आणि स्प्रिंगचा विरोध वळण्याच्या प्रमाणात, म्हणून अशा मीटरवर 20 ते 40 आणि 80 ते 100 यांतलं अंतर सारखंच दिसतं.

फिरत्या धातूची आणि चुंबकाची ही ओढाताण आरागोने 1824 मध्ये दाखवली होती, कारण मात्र फॅरडेने 1831 नंतर सांगितलं. त्यावरून मीटर करायचं डोकं स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेचं. त्याचं पेटंट 1902 चं. चोकओढा यांच्या गाडीत जे बसलंय ते तत्त्वाने तेच.

मी घड्याळं दुरुस्त करते. मीटर येतात ते "घड्याळासारखंच आहे ना" म्हणून गळ्यात पडलेले. स्प्रिंग सोडली तर घड्याळासारखं काही नाही. उलट घड्याळात वेळ साठवलेल्या ताकदीवर चालते, इथे प्रत्येक क्षणाची ताकद केबलमधून येते. केबलने जे दिलं ते मीटर इमानाने दाखवतो. म्हणून मिस्त्रींना अनुमोदन, मीटरला उगाच बदनाम करू नका.

---

वाचनमात्र | रविवार, सकाळी 9:15

पाच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वरचा प्रतिसाद वाचून मीटरच्या डायलकडे नव्याने पाहिलं. वाचनखूण साठवली.

---

पंक्चर | रविवार, सकाळी 10:40

माझ्याकडे 1930 च्या दशकातली एक आहे. तिचा काटा टप्प्याटप्प्याने चढतो. 30, मग एकदम 34, मग 37. मीही आधी केबल धुतली, मग बदलली, मग नशिबाला दोष दिला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी डायल बघून हसत सांगितलं की हा क्रोनोमेट्रिक आहे, असाच चालायचा. आत चुंबक-वाटी नाही, घड्याळासारखी यंत्रणा आहे. ती ठरावीक वेळ तारेच्या फेऱ्या मोजते आणि मग काटा त्या जागी नेऊन ठेवते. @चोकओढा, तुमचा तसला नाही ना?

---

चोकओढा | रविवार, सकाळी 11:02

नाही. माझा झोके घेतो, पायऱ्या चढत नाही. आणि 1967 मध्ये साध्या गाडीला कोण क्रोनोमेट्रिक देणार?

---

मागचीसीट | रविवार, सकाळी 11:05

पंक्चर यांचा काटा जिना चढतो, चोकओढांचा झोपाळ्यावर. घसरगुंडीवाला कोणी आहे का?

---

निळा_धूर | रविवार, दुपारी 12:30

आहे ना, मी. माझ्याकडे वेग वाढवला की काटा वर जायचा आणि मग आपोआप घरंगळत खाली यायचा. मी सहा महिने मीटर, केबल, पुन्हा मीटर असा फिरलो. निघालं गिअरबॉक्सकडे. केबलला फिरवणारं पिनियन नायलॉनचं होतं, त्याचे दात एका बाजूने झिजून करवतीसारखे झालेले. भार वाढला की दात सरकायचे. माझे आकडेही कमी पडत होते, पण मी ते कधी ताडून पाहिलेच नव्हते. मिस्त्रींचा नियम तेव्हा माहीत असता तर पहिल्या दिवशी गाडीखाली गेलो असतो.

पिनियन काढलं तेव्हा आणखी एक सापडलं. त्याच्या दांड्यावरचं छोटं ऑइल सील गेलेलं. गिअरबॉक्सचं तेल केबलमध्ये शिरून वर चढलं होतं. खालून वर, पेन्सिलीएवढ्या नळीतून, जवळपास दीड मीटर! तेव्हापासून जुन्या गाडीची केबल काढली की आधी वास घेतो. गिअर ऑइलचा वास एकदा ओळखला की विसरत नाही.

---

शंकासूर | रविवार, दुपारी 12:48

तेल चढावर कसं जातं पण?

---

खडूस_मिस्त्री | रविवार, दुपारी 1:10

आतली तार नीट बघितलीत का कधी? ती एक तार नसते. बारीक तारांचे थरावर थर गुंडाळलेले असतात, स्क्रूच्या आट्यांसारखे. ती फिरली की आट्यांच्या दिशेने वंगण वर सरकवते. पाणी वर चढवायचा पेच असतो ना, तसंच.

म्हणूनच काल "अरेरे" म्हणालो. वंगण खालच्या दोन-तृतीयांशालाच, तेही बोटांच्या चिमटीतून तार ओढून पुसट थर राहील एवढंच. वरचं वीतभर कोरडं ठेवायचं. गाडी चालेल तसं ते आपोआप तिथे पोचतं. टोकापर्यंत लावलं तर जातं कुठे? मीटरमध्ये.

---

डिजिटल_दादा | रविवार, दुपारी 1:22

ग्रीस मुळातच चूक आहे. सुकी ग्रॅफाइट पावडर वापरा. चढत नाही, थंडीत घट्ट होत नाही.

---

खडूस_मिस्त्री | रविवार, दुपारी 1:35

सुकी पावडर दमट नळीत गेली की तिचा चिखल होतो, आणि तार गंजायची ती गंजतेच. पातळ ग्रीस, थोडं, खालच्या भागात. ग्रॅफाइटवाल्यांशी माझं तीस वर्षं भांडण आहे, इथे मिटणार नाही.

---

चोकओढा | सोमवार, सकाळी 7:55

मंडळी, वाईट बातमी.

आज सकाळी गार हवेत गाडी काढली. पहिल्या गिअरमध्ये चार मीटर गेलो नसेन, काटा सरळ 120 ला जाऊन पिनवर आपटला आणि तिथेच. गाडी थांबवली तरी 120. उतरून दार लावलं तरी 120. थोड्या वेळाने हळूहळू खाली आला, पण शून्यावर नाही, 15 वर थांबलाय.

---

मागचीसीट | सोमवार, सकाळी 8:01

उभ्या गाडीत 120. अभिनंदन, पार्किंगमधला विक्रम.

---

घड्याळवाली | सोमवार, सकाळी 8:30

ग्रीस पोचलं.

चुंबक आणि वाटी यांच्यातली फट अगदी बारीक असते. त्यात ग्रीस गेलं की भोवरे प्रवाहांची गरजच राहत नाही, ग्रीसच वाटीला चुंबकाबरोबर सरळ ओढतं. सकाळी ग्रीस घट्ट म्हणून एकदम 120. हवा तापली की सैल होऊन परत येतो. 15 वर अडलाय म्हणजे स्प्रिंगच्या वळशांतही थोडं गेलेलं असणार.

आता मात्र मीटर उघडावा लागेल. आधी तीन गोष्टी ऐका.

काटा ओढून काढू नका. डायल काढायला काटा काढावाच लागतो असं काही मीटरांत असतं, तसं असेल तर आधी काटा हलकेच उचलून शून्याच्या पिनवरून पलीकडे सोडा. तो मोकळा जिथे लोंबेल तिथे पेन्सिलने खूण करा. पिनवर टेकलेला काटा मुळात थोड्या ताणाखाली असतो. खूण न करता "शून्यावर होता, शून्यावर बसवला" केलंत की पुढे सगळे आकडे चुकतात.

दुसरं, डायलवरचे आकडे कशानेही पुसू नका. जुना रंग थिनरच्या वासानेही निघतो. लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवलेला बारीक ब्रश फक्त वाटी, चुंबक आणि फट यांच्यापुरता.

तिसरं म्हणजे स्प्रिंग. तिला चिमटा लावायचा नाही. ब्रशने पेट्रोलचा थेंब सोडायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थेंब. वळसे एकमेकांना चिकटले असतील तर सुटतील. घड्याळात वळसे चिकटले की ते पुढे पळतं. मीटरमध्ये उलटं दिसतं. स्प्रिंग आखूड झाल्यासारखी कडक वागते आणि काटा कमी दाखवतो. म्हणून धुतल्यावर तपासल्याशिवाय गाडीत बसवू नका.

---

चोकओढा | सोमवार, सकाळी 8:41

तपासू कसा? गाडीबाहेर तो फिरवणार कोण?

---

खडूस_मिस्त्री | सोमवार, सकाळी 9:20

ड्रिल मशीन. कमी-जास्त वेग करता येणारं. जुन्या मोडक्या केबलचा चौकोनी तुकडा चकमध्ये धरा, मीटरमागे घाला.

डायलवर खाली एक बारीक आकडा छापलेला असेल, बहुतेक लोक त्याला नंबर समजून सोडून देतात. तो म्हणजे एका किलोमीटरला तारेच्या किती फेऱ्या. मैलांच्या डायलवर असेल तर एका मैलाला, 1000 हा तिथे नेहमी दिसणारा आकडा. आता गंमत बघा. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक. म्हणून तो जो आकडा असेल, तेवढ्या आरपीएमला काट्याने 60 दाखवलं पाहिजे. गणित करायचीच गरज नाही.

दिशा आधी बघून घ्या. उलटी फिरवलीत तर काटा शून्याच्या पिनवर मागे दाबला जाईल. हळू सुरू करा, स्प्रिंग ओली असताना अजिबात नको.

---

चोकओढा | सोमवार, सकाळी 9:34

डायलवर 620 आहे! इतकी वर्षं मला तो सिरीयल नंबर वाटत होता.

---

शंकासूर | सोमवार, सकाळी 9:50

1000 भागिले 1.609 म्हणजे 621. म्हणजे मैलांचाच मीटर, डायल फक्त किलोमीटरचा घातलेला.

---

पंक्चर | सोमवार, सकाळी 11:15

अवांतर: कोणाकडे जुनी फोक्सवॅगन बीटल असेल तर गिअरबॉक्सखाली केबल शोधत बसू नका. तिची केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते, चाकाच्या मधोमध ग्रीसच्या टोपीत चौकोनी भोक असतं. माझा एक मित्र दीड तास गाडीखाली पडून होता. चाक त्याच्या डोक्याशीच होतं.

---

मागचीसीट | सोमवार, सकाळी 11:18

"मित्र."

---

पंक्चर | सोमवार, सकाळी 11:19

बरं, मी.

---

हळू_चालवा | सोमवार, दुपारी 3:05

चोकओढा, केबल काढाल तेव्हा बाहेरच्या नळीचं प्लॅस्टिक कुठे वितळलंय का तेही बघा. इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली असली तर स्टार्टरचा करंट परतीचा रस्ता शोधत चोकच्या नाही तर मीटरच्या केबलमधून जातो. माझी चोकची केबल अशीच भाजून निघाली होती. दोन महिने मी ती एक्झॉस्टला टेकली असेल म्हणत होतो.

---

चोकओढा | बुधवार, रात्री 10:48

उशीर झाला, पण बरंच सांगायचंय.

मीटर काढला. मागचा नट सोडून केबल ओढली तर चौकोनी टोकावर ग्रीसची टोपी होती, अक्षरशः टोपी. आत चुंबकाभोवती पिवळट कड. घड्याळवाली ताईंनी सांगितलं तसंच धुतलं. सुदैवाने माझ्या मीटरला काटा न काढता बाजूच्या खिडकीतून ब्रश पोचतो. चार वेळा थेंब, चार वेळा सुकवणं. काटा 15 वरून सुटला आणि पिनवर टेकला तेव्हा इतका बारीक आवाज झाला, की ऐकायला मी श्वास धरला होता.

ड्रिलवर 620 आरपीएमला काट्याने 60 ला टेकून दाखवलं. अगदी रेघेवर म्हणणार नाही, केसभर खाली. मीटर निर्दोष.

मग केबल. अर्थची पट्टी ठीक आहे, प्लॅस्टिक वितळलेलं नाही. नवीन आणि जुनी शेजारी शेजारी जमिनीवर ठेवल्या आणि तिथेच बसलो. नवीन जवळजवळ 15 सेंटीमीटर लांब आहे. बसवताना ती जास्तीची लांबी मी मीटरमागे "खोचून" दिली होती. डॅशबोर्डाखाली आडवं होऊन बॅटरी मारली तर मीटरपासून चार बोटांवर केबलने चक्क गाठीसारखं वळण घेतलंय.

---

खडूस_मिस्त्री | बुधवार, रात्री 11:04

हं. वळणाची त्रिज्या 15 सेंटीमीटरपेक्षा कमी नको, आणि मीटरमागचे पहिले काही इंच तरी सरळ आले पाहिजेत. तिथे वाकली की तार भोकाच्या कडेला घासते. त्यात टक आवाज, त्यात झोका.

आणि लांबी नळीचीच नाही, टोकाचीही बघा. नळीतून तारेचं चौकोनी टोक साधारण 10 मिलीमीटर बाहेर येतं, दोन्ही केबलींचं मोजून ताडा. फार बाहेर आलं तर नट आवळताच ते मीटरच्या दांड्याला आतून ढकलत राहतं आणि बेअरिंग खातं. फार आत गेलं तर धरत नाही.

---

निळा_धूर | बुधवार, रात्री 11:10

पण मग जुनी केबल का नाचवत होती? ती तर योग्य लांबीची होती ना?

---

चोकओढा | गुरुवार, रात्री 9:30

हाच प्रश्न मला रात्रभर होता. आज माळ्यावरून आणलेल्या त्या केबलचं शवविच्छेदन केलं. आतली तार बाहेर ओढली तर निम्म्यापर्यंत आली आणि अडली, जोर लावल्यावर काळी भुकटी सांडत निघाली. कोणे एके काळचं ग्रीस, आता शाईच्या वड्यांसारखं. म्हणजे तार कोरडी होती एवढंच! धुतली असती तरी पुरलं असतं.

रॉकेलमध्ये नळी आणि तार दोन्ही धुतली. मग तार काचेवर ठेवून तळहाताने गोल फिरवली, कुठे वाकडी असेल तर टोक उडतं. नाही उडलं. दोन्ही हातांत धरून यूच्या आकारात वाकवली आणि एक टोक बोटांनी फिरवलं, दुसरं टोक न अडखळता फिरतं. गंज नाही, तुटका धागा नाही. खालच्या भागाला पुसट ग्रीस, वरची वीत कोरडी. घातली.

तीस, चाळीस, पन्नास. काटा मेणबत्तीसारखा उभा. टक आवाज गायब. डॅशबोर्डामागे इतकी शांतता मी या गाडीत कधी ऐकली नव्हती, आता मागच्या दाराची खडखड ऐकू येते.

---

मागचीसीट | गुरुवार, रात्री 9:33

म्हणजे चांगली केबल काढून वाईट घातली, चांगल्या मीटरमध्ये ग्रीस भरलं, आणि मग सगळं होतं तसं केलं. एकूण प्रगती: एक ड्रिल टेस्ट.

---

चोकओढा | गुरुवार, रात्री 9:36

हो. आणि एक धागा.

पण पूर्ण आनंद नाही. डिजिटल_दादांचा मान राखून फोनही लावला होता. मीटर 60 म्हणतो तेव्हा जीपीएस 57. ड्रिलवर तर बरोबर होता!

---

घड्याळवाली | गुरुवार, रात्री 9:52

मीटर ड्रिलवर बरोबर असेल तर मीटर जास्त दाखवत नाहीये, केबल जास्त फिरतेय. जुन्या मीटरांत चुंबक वयाने मंदावतं, पण त्याने काटा कमी दाखवतो, जास्त नाही. तुमचं दुखणं आता डॅशबोर्डाखाली नाही.

---

खडूस_मिस्त्री | गुरुवार, रात्री 10:15

"आकडे नीट पडतात" असं म्हणाला होतात. ताडून पाहिले होते का?

---

चोकओढा | गुरुवार, रात्री 10:17

पडतात म्हणजे... पडतात. ड्रम फिरतात.

---

खडूस_मिस्त्री | गुरुवार, रात्री 10:30

वाटलंच. सपाट जागेवर 20 मीटर मोजा. केबल मीटरकडून सोडा, तारेच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कोणालातरी ढकलायला लावा आणि फेऱ्या मोजा. गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावरून केबल निघते, न्यूट्रलमध्येही फिरते. 620 च्या मीटरला 20 मीटरमध्ये 12.4 फेऱ्या हव्यात.

---

निळा_धूर | गुरुवार, रात्री 10:34

ढकलायची कशाला? एक मागचं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवून मोजता येईल की.

---

खडूस_मिस्त्री | गुरुवार, रात्री 10:41

येईल, पण डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) विसरू नका. एकच चाक फिरलं तर मधला दांडा निम्माच फिरतो. तिथे उत्तराची दुप्पट करायला लोक विसरतात आणि पिनियन बदलून बसतात. शिवाय जॅकवर टायर दबलेला नसतो, घेर वेगळा. ढकललेलं बरं.

---

चोकओढा | शनिवार, दुपारी 4:20

दोन भाच्यांनी ढकलली, मी झेंडा मोजला. तीन वेळा. 13, 13 आणि थोडं, 13 आणि थोडं. सरासरी 13.1 धरतो.

---

शंकासूर | शनिवार, दुपारी 4:31

13.1 भागिले 12.4 म्हणजे 1.056. जीपीएसचं 60 भागिले 57 म्हणजे 1.053. काटा आणि आकडे दोघंही एकाच प्रमाणात फुगवतायत. मागच्या टायरवर काय लिहिलंय?

---

चोकओढा | शनिवार, दुपारी 4:44

155/70 आर 13. दोन वर्षांपूर्वी बदलले. मॅन्युअलमध्ये नुसतं 155 आर 13 आहे. तेच ना?

---

शंकासूर | शनिवार, दुपारी 5:02

नाही. जुन्या साइझमध्ये मधला आकडा लिहीत नसत, तो (टायरच्या उंचीचं रुंदीशी टक्क्यांतलं प्रमाण) 80 च्या आसपास धरायचा. 80 धरला तर टायरचा व्यास 578 मिलीमीटर, तुमच्या 70 चा 547. 578 भागिले 547 म्हणजे 1.057. झेंड्याशी जुळतंय.

---

डिजिटल_दादा | शनिवार, दुपारी 5:10

नोंदवून ठेवा, जीपीएसशिवाय हे कळलं नसतं.

---

खडूस_मिस्त्री | शनिवार, दुपारी 5:15

झेंड्याने कळलं असतं. पण ठीक, दिलं.

---

हळू_चालवा | शनिवार, दुपारी 5:26

तसं बघितलं तर चुकीच्या बाजूला नाही चुकत. नव्या गाड्यांच्या मीटरसाठी युनोचा जो 39 क्रमांकाचा नियम आहे, त्यात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमीपर्यंत चालतं. 57 ला 60 त्यात सहज बसतं. मी तर तसाच ठेवेन.

---

चोकओढा | शनिवार, दुपारी 5:40

ठेवेन मीही, टायर झिजेपर्यंत. पण हिशेब बघतोय. दोन वर्षांत 8000 किमी चालवली म्हणून मिरवत होतो, त्या खऱ्या 7570 च्या आसपास. आणि इंजिन ऑइलही मी त्या फुगलेल्या आकड्यांवरच बदलत आलो.

---

खडूस_मिस्त्री | शनिवार, दुपारी 5:43

लवकर बदललेल्या ऑइलची तक्रार कुठल्या इंजिनाने केल्याचं ऐकलं नाही. ती लांब केबल मात्र टाकून द्या, नाहीतर पुन्हा कधीतरी घालाल.

---

चोकओढा | शनिवार, दुपारी 5:44

माळ्यावर ठेवली.